भाऊजींचे अंतिम राजीनामे

राजीनामा देऊन नोकरी गेलेली माणसं जगात पुष्कळ असतील. पण राजीनामे देऊन देऊन नोकरीत पक्के झालेले एकटे आमचे भाऊजीच. पवनीहून कोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका राईस मिलमध्ये ते मुनीम होते. ते लागले तेव्हा धानाचं पोतं हमालाच्या पाठीवरून यायचं आणि सुटले तेव्हा ते पट्ट्यावरून सरकत यायचं. मधल्या सगळ्या वर्षांत त्या मिलमध्ये धानाखालोखाल नियमित काही आलं असेल, तर तो भाऊजींचा राजीनामा. पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपली की एक, आणि नवा धान येण्याच्या तोंडावर, म्हणजे मिलला त्यांच्यावाचून मुळीच चालणार नाही अशी वेळ साधून, दुसरा. एरवी माणूस साधा. शेठनी शिवी दिली तरी चालायची, चहा कपाऐवजी ग्लासात आला की नाही चालायचं.

बोलताना भाऊजी 'काहून' आणि 'कायले'च्या पलीकडे जात नसत, पण राजीनाम्याचा कोरा कागद पुढ्यात आला की त्यांच्या अंगात एखादा जुना संपादक संचारत असे. 'विषय : अंतिम राजीनामा' अशी सुरुवात. त्याच्या पुढच्या खेपेला 'विषय : यापूर्वीच्या अंतिम राजीनाम्यास अनुसरून'. त्यांच्या टेबलावरचा पंखा कुणीतरी वजनकाट्याकडे वळवला, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, 'पंख्याची दिशा बदलली याचा मला खेद नाही. ती मला न विचारता बदलण्यात आली, याचा आहे.' जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी तर त्यांनी कमाल केली. गोंदियाचे व्यापारी आता परजिल्ह्यातले झाले, त्यांच्याशी बोलण्याची जबाबदारी वाढली, आणि एवढा मोठा बदल होताना मुनिमाला कुणी काही विचारलं नाही, या कारणासाठी त्यांनी राजीनामा दिला. सरकारचा राग शेठवर काढणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. मसुदा तयार झाला की तो ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, वाचून दाखवायचा प्रघात होता. "मानहानी ठेवू का अवमान ठेवू?" असं त्यांनी विचारलं की ताई चुलीकडून म्हणायची, "जे लवकर संपन ते ठेवा. भाजी करपून राहिली."

खरं तर ही कला त्यांनी आमच्याच मांडवात, दिघोरीला, पहिल्यांदा दाखवली होती. लग्नाच्या ऐन घटकेला नवरदेव दिसेना. शोधता शोधता तलावाच्या पाळीवर चिंचेखाली बसलेला सापडला. कुणीतरी त्याच्या आधी त्याच्या मावसभावाला हार घातला होता म्हणे. आमचे वडील बिचारे हात जोडून विचारत होते, "घड्याळ पायजे का? सायकल पायजे का?" भाऊजींचं एकच, "मले काई नाई पायजे." आम्हाला वाटलं, मागणं मोठं आहे म्हणून तोंडातून निघत नाही. पाहुणे उपाशी, भटजी घामाघूम. शेवटी वडिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "चला न जी, तुमच्याबिगर कसं होईन," एवढं म्हटलं आणि हा माणूस धोतर झटकून उठला. त्यांना खरोखरच काही नको होतं. कुणीतरी येऊन 'चला' म्हणावं, एवढंच हवं होतं.

मिलमध्येही तेच. राजीनामा द्यायचा तो जेवणाच्या सुट्टीआधी. मग घरी येऊन आंगण झाडून घ्यायचं, सडा टाकायचा, शेजारच्या मास्तरांकडून प्लास्टिकच्या सहा खुर्च्या आणून मांडायच्या आणि ताईला पोहे भिजवायला सांगायचे. संध्याकाळी मोठे शेठ यायचे, सोबत काटेवाला, हमालांचा मुकादम आणि दोनचार रिकामे. पहिल्यांदा भाऊजी म्हणायचे, "माझा निर्णय अंतिम आहे." दुसऱ्यांदा नुसती मान हलवायचे. तिसऱ्यांदा मोठे शेठ "असं नाई, मुनीमजी," म्हणून त्यांचा हात धरायचे, आणि भाऊजी विरघळायचे. "तुमी घरी आले, आता तुमचा शबूद कसा मोडू?" की लगेच पोहे. दुसऱ्या दिवशी मिलचं फाटक उघडायच्या आधी हे फाटकाशी उभे. पगार वाढवून मागायचं त्यांना कधी सुचलं नाही. एवढ्या राजीनाम्यांत दुसऱ्या कुणी बंगला बांधला असता.

मग मोठे शेठ वारले आणि गादीवर धाकटे शेठ आले. ते पुण्याहून माणसं सांभाळण्याची पदवी घेऊन आले होते. मुलगा वाईट नव्हता, फक्त जे लिहिलं असेल ते खरं मानण्याची त्याला सवय लागली होती. पहिल्याच महिन्यात तो सगळ्यांदेखत भाऊजींना 'अंकल' म्हणाला. झालं. 'माझ्या वयाचा उल्लेख नात्याच्या आवरणाखाली करण्यात आला' असं वाक्य तयार झालं. ताईने या वेळी भाजी उतरवून ठेवली आणि समोर येऊन बसली. "आता मोठे शेठ नाईत. यंदा नका देऊ. कोणी नाई आलं त?" भाऊजी हसले. म्हणाले, "येते. न येऊन जातीन कुठं?"

धाकट्या शेठनी राजीनामा दोनदा वाचला आणि भारावून उठून भाऊजींशी हात मिळवला. "किती क्लिअर लिहिलंय, अंकल! तुमच्या निर्णयाचा मी आदर करतो." त्या संध्याकाळी सहा खुर्च्या आंगणात तशाच राहिल्या. पोह्यांचा गोळा झाला. मी मुकादमाला गाठून विचारलं, "तुमी शेठले सांगतलं काहून नाई?" तो म्हणाला, "आमाले वाटलं, शेठले मालूम असन." मग मी भाऊजींना म्हटलं, की मीच जाऊन धाकट्या शेठला सगळं समजावून सांगतो. भाऊजी एकदम ताठ झाले. "सांगून बलावलं, त ते मनावणं कायचं?"

महिन्याअखेर निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, हार, भिंतीवरचं घड्याळ आणि मागे कापडी फलक, त्यावर भाऊजींच्या नावाआधी 'श्री' दोनदा. आयुष्यभर ज्या हारासाठी माणूस रुसला, तो गळ्यात पडला तेव्हा नेमकी नोकरी गेलेली होती. भाऊजी बोलायला उभे राहिले. "माझा निर्णय अंतिम आहे," म्हणाले आणि थांबले. या वाक्यापाशी थांबायची त्यांना सवय होती. त्यांनी काटेवाल्याकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात धाकट्या शेठनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. मीही वाजवल्या, दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ताईकडे गेलो, तर आंगणात सडा आणि सहा खुर्च्या. ताई दारातच हळू म्हणाली, "सकाळपासून मांडून ठेवल्या. मी काई बोलली नाई." भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले होते. इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल करत आलो, आज मात्र माझ्याने हसवेना. एका खुर्चीवर बसलो आणि म्हटलं, "भाऊजी, असं नका करू. मागं घ्या न राजीनामा."

"माझा निर्णय अंतिम आहे."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी मान हलवली. तिसऱ्यांदा मी उठून त्यांचा हात धरला. "तुमच्याबिगर नाई चालत, भाऊजी."

मिलमध्ये त्यांच्या जागी कॉम्प्युटर बसला होता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. भाऊजी म्हणाले, "तू घरी आला, आता तुहा शबूद कसा मोडू? घेतला मागं."

ताईने न सांगता पोहे आणले. आम्ही ते खाल्ले. मग भाऊजी उठले, खुर्च्या एकात एक बसवल्या आणि मास्तरांकडे परत द्यायला निघाले. मी घाईने उठून माझीही पुढे केली.

"तू बस," ते म्हणाले. "तू त आला ना."