पट्टेरी कोंबडा घेऊन यावल ते पिंपळनेर

माझ्या दोन मावश्या वर्षभर बोलत नव्हत्या आणि कारण होतं कोंबड्यांचा रंग. म्हणून नाताळच्या सुट्टीत मी गाडी काढली.

यावलच्या सिंधूमावशीकडे केळीच्या बागेला लागून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोंबड्या आहेत. त्यातली एक तिने पिंपळनेरच्या धाकट्या बहिणीला, लतामावशीला दिली होती. लतामावशीने ती आपल्या काळ्या कोंबड्याबरोबर ठेवली. पिल्लं मोठी झाली, तर अंड्यावर येणाऱ्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, सगळ्या काळ्या! ताईने भेसळीची कोंबडी दिली, असं लतामावशी मामाकडे भाऊबीजेला चारचौघांत बोलली. सिंधूमावशी जेवण अर्धं टाकून उठली.

मी जळगावला जीवशास्त्र शिकवते. फोनवर समजावून पाहिलं, पण लतामावशी विषयच बदलायची. शेवटी ठरवलं, जाऊनच यावं.

आधी यावल. सिंधूमावशीने स्वतःच एक तरणा कोंबडा टोपलीत घालून दिला. "मी तिले माह्यी सगळ्यात चांगली कोंबडी देली व्हती," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जळगावहून निघाले. एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत रस्ता मोकळा, चौपदरी. पक्षी बरोबर असेल तर काच थोडी उघडी ठेवा आणि प्रत्येक थांब्यावर पाणी पाजा. धुळ्याबाहेर शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली. दीडशेच्या आत पोट भरतं, तिखट मात्र सांगून कमी करून घ्या. कोंबडा विकायचा का, असं ढाबेवाल्याने विचारलं. पाहुणा चाललाय म्हटल्यावर त्याने मूठभर ज्वारी आणून दिली. साक्रीनंतर रस्ता अरुंद होतो आणि पुढे डोंगर दिसू लागतात.

लतामावशीने पाणी दिलं आणि लगेच अंगणात नेलं. "देख, बठ्ठ्या काळ्या शेतस."

सगळ्याच काळ्या? पट्टेरी एकही नाही का, असं मी विचारलं. आहेत की, म्हणाली, पण सगळे कोंबडे. खुराड्यात त्याच कोंबडीची, नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं होती. काळी, त्यातल्या काहींच्या डोक्यावर पांढरा ठिपका. हे ठिपकेवाले पट्टेरी कोंबडे होतील, मी म्हटलं. ते तिला आधीच ठाऊक होतं. दर खेपेला तसंच व्हायचं.

मग मी सांगितलं. पट्ट्यांचा गुण कोंबडी फक्त मुलांना देते. लेकींना तो बापाकडूनच मिळू शकतो, आणि इथे बाप काळा. त्यामुळे लेकी काळ्या आणि मुलगे पट्टेरी. कोंबडी कितीही अस्सल असली, तरी काळ्या बापाच्या लेकी काळ्याच होणार.

तिने एक ठिपकेवालं पिल्लू उचलून हातात घेतलं.

"मंग ताईनी बरोबर दिन्ही व्हती?"

"हो, मावशी."

ती चहा टाकायला आत गेली. ताईने पाठवलेला कोंबडा पट्टेरी आई-बापांचा आहे, याच्या लेकीही पट्टेरी होतील, हे मी चुलीपाशी बसून सांगितलं. तिने चहा गाळून माझ्यापुढे ठेवला. रात्री मात्र मला दोनदा विचारलं, ताईचे गुडघे कसे आहेत म्हणून.

सकाळी निघताना तिने टोपलीत एक काळी तलंग ठेवली. "हाई तिले दे. सांग, तिनीच कोंबडीनी पोर शे."

परतताना मी जळगावला न थांबता थेट यावल गाठलं. सिंधूमावशीने तलंग हातात घेतली, पंख पसरून पाहिले आणि पट्टेरी कोंबड्यांत सोडली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "लतीले फोन लावून दे. तिचा नंबर मी काढून टाकला व्हता."

मी फोन लावून बाहेर येऊन बसले. आतून गुडघ्यांच्या तेलाची चर्चा ऐकू आली. कोणी माफी मागितली नाही. फोन आटोपला तेव्हा उन्हं उतरली होती.

घरी आल्यावर दोन दिवस गाडी धुतली, तरी खुराड्याचा वास गेला नाही. पेट्रोल धरून ही सहल महागच पडली. हा पट्ट्यांचा धडा मी वर्गात कितीदा शिकवला असेल, फळ्यावर खडूने चौकोन काढून. त्यावरून दोन बहिणींचं बोलणं तुटू शकतं, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं. परवा लतामावशीचा फोन आला. ती संक्रांतीला यावलला येतेय, चार दिवस राहायला. "तू मध्ये नको," म्हणाली. दोघींना निवांत बोलायचंय.