गव्हाणीतलं कोकरू

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलीनं लेख लिहायला बसावं, हा आगाऊपणा आहे हे मला कळतं. वाचकांनी माफ करावं. पण लोकरीचा आणि मेणबत्तीचा वास एकत्र आला की अजूनही मी दाराकडं वळून बघते... का बघते, एवढंच सांगायचं आहे.

वडिलांकडून आम्ही खुटबावचे धनगर. आईचं माहेर दौंडच्या रेल्वे वसाहतीतलं, ख्रिस्ती. आजोबांनी, म्हणजे आबांनी, हे लग्न चालवून घेतलं, इतकंच. आईशी ते कधी थेट बोलत नसत. ती समोर असली तरी मला म्हणत, "तिला म्हणावं, भाकर वाढ." आणि एकदा दाराआडून मी ऐकलं होतं – "एक चूक होऊ दे, धाडतोच हिला दौंडला." तेव्हापासून आईच्या हातून भांडं निसटलं तरी मी दचकायची.

मी आठ वर्षांची होते. दौंडच्या चर्चमध्ये नाताळच्या देखाव्यात मातीची मेंढरं मांडत. यंदा खरं कोकरू आणते, अशी फुशारकी मी मामेभावंडांपुढं मारून बसले होते. नाताळला आईबरोबर दौंडला निघायच्या सकाळी आबांच्या उरलेल्या पाच मेंढ्यांमधलं सगळ्यात लहान कोकरू उचललं – ऊबदार, दुधाचा वास येणारं – आणि कापडी पिशवीत माझ्या स्वेटरखाली लपवलं. पाटस मागं पडलं आणि ते ओरडलं.

"ताई, पिशवीतल्या पाव्हण्याचं हाफ तिकीट पडंल बरं का!" जीपवाला म्हणाला. सगळे हसले. आई हसली नाही.

"आबांना विचारलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं मागं रस्त्याकडं पाहिलं; परत फिरायला आता गाडी नव्हती.

चर्चमध्ये कोकरू बाटलीला तोंड लावेना. गवतात थरथरत उभं राहिलं; संध्याकाळपर्यंत त्याचं ओरडणं बारीक होत गेलं... ते मरेल, आबा आईला घराबाहेर काढतील, आणि हे सगळं माझ्यामुळं. इतक्यात चर्चमध्ये चाललेलं नाताळचं गाणं थांबलं.

दारात आबा उभे होते. खांद्यावर घोंगडी, कपाळावर भंडारा, हातात दोरी आणि दोरीला मेंढी.

"पितं कोकरू आईपासनं तोडलंस व्हय गं?" ते माझ्यावर गरजले. "दूध कोण पाजंल, तुझा बाप?"

मी आईचा पदर घट्ट धरला. आता ते वाक्य येणार... आबांनी आईकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग पायातल्या वहाणा काढल्या.

"सूनबाई," ते म्हणाले, "मेंढी कुठं बांधू?"

त्या संध्याकाळी गव्हाणीत मेंढी होती, तिच्या पोटाशी कोकरू होतं, आणि निघताना आबांनी बाळ येशूपुढं भंडाऱ्याची चिमूट वाहिली. फादरांनी ती पुसली नाही. पुढं दर नाताळाला मेंढी आणि कोकरू आबाच घेऊन जात. तू कोणाची, असं कुणी विचारलं की मी दोन्ही सांगते, मान वर ठेवून सांगते. आवाज अजून थोडा कापतो, तो कापू दे.

यंदा परीक्षेमुळं मला जाता आलं नाही. पेपर सुटल्यावर फोन चालू केला, तर आईचे नऊ कॉल.

"आबा गेले गं, सकाळी," ती म्हणाली. "मेंढरं कालच दौंडला पोचवली. अंथरुणावर पडल्या पडल्या विचारत होते, कोकरू एकटं न्हाई ना धाडलं? मी म्हटलं, न्हाई आबा. आई हाय संगं."