एका हातानं उघडणारा चाकू

केशोरीच्या बाजारात मी विळे, चाकू विकते. एकदा कडेवर लेकरू घेतलेली एक बाई आली. सगळ्यात स्वस्त, लाकडी मुठीचा घडीचा चाकू तिनं उचलला आणि मागं वळून पाहिलं.

"मावशी, हा एका हातानं उघडते का?"

"काऊन वं?"

"दुसऱ्या हातात लेकरू राह्यते."

"वाघाचं भेव वाटते का?"

"वाघ घरात नाई येत," ती हळूच म्हणाली.

मी पात्याला तेल सोडलं, उघडझाप करून ते सैल केलं. तिनं चाकू कमरेला खोचला.

संध्याकाळी दुकान आवरताना ती समोरच्या थांब्यावर दिसली. तिच्या गावाकडची शेवटची गाडी आली, थांबली, निघून गेली. ती चढलीच नाही.

दुकान तसंच टाकून मी तिच्याकडं चालू लागले.