मिलिंदच्या नावाची पेटी

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आईला माहीत नव्हतं, ती गेली. मुलीला कदाचित वास आलाय, पण तिच्यापाशीही मी कधी तोंड उघडलं नाही. आणि आता तुम्हाला सांगायला बसलेय तर — आधी भलतंच काहीतरी बोलत राहावं असं वाटतंय. थोडं बोलणारच. ऐकून घ्या.

बेहाला भागात माझं पार्लर आहे. नवरा रेल्वेत, त्याचं ऑफिस गार्डन रीचला. बदली होऊन कोलकात्याला आलो ते इथलेच झालो. मुलगी इथे वाढली, बंगालीत भांडते, मराठी अडखळत बोलते. पार्लर छोटं आहे. तीन खुर्च्या, एक आरसा भिंतभर, हाताखाली दोन मुली. आरशाखाली एक पेटी आहे आणि पेटीवर माझ्या धाकट्या भावाचा, मिलिंदचा फोटो. खाली स्कॅन करायचा तो चौकोन. ज्यांना परवडत नाही अशांचं डायलिसिस करणारं एक केंद्र जवळच आहे, त्यांच्यासाठी मी दर वर्षी, मिलिंद गेला त्या महिन्यात, गिऱ्हाइकांकडे मागते.

एक आधीच सांगून टाकते. त्यातला एक पैसाही मी खाल्लेला नाही. तुम्ही तेच धरून चालला असाल ना? तसलं काही असतं तर बरं झालं असतं, परत करून मोकळी झाले असते.

मागायचं कसं, ते मला उत्तम जमतं. भुवया करून घ्यायला आलेली बाई मान मागे टाकून बसलेली असते, डोळे मिटलेले, स्वतःच्याच बोटांनी कातडी ताणून धरलेली. माझ्या दातांत दोरा. दातांत दोरा असताना बोलता येत नाही, म्हणून एक भुवई झाली की मी थांबते. दुसरी व्हायची असते. तेव्हा सांगते — माझा भाऊ होता, नागपूरला, शाळेत चित्रकला शिकवायचा, दोन्ही किडन्या गेल्या. एक भुवई कोरलेली आणि एक तशीच, अशी कोण उठून जाणार? देतात. बहुतेक जणी देतात. काहींच्या तोंडावर आठी येते ती मला आरशात दिसते, आणि ती दिसली की मी आणखी सावकाश बोलते.

शिप्रादी म्हणून एक वयस्क बाई यायच्या. त्यांनी एकदा डोळे न उघडताच सांगितलं, "माझं तोंड तुझ्या हातात असताना मागू नकोस. हे मागणं नाही." मी गोड हसले. पुढच्या खेपेला दुर्गापूजेची गर्दी होती. मागून आलेल्यांना मी आधी घेत गेले आणि त्यांना बाकावर बसवून ठेवलं. त्या बऱ्याच वेळाने उठल्या, पर्स उचलली आणि गेल्या. परत आल्या नाहीत. मी मुलींना म्हणाले, म्हातारीच्या खोडी फार.

हे सांगून मला वाटलं होतं की थोडं हलकं वाटेल. नाही वाटत. कारण हे ते नाहीच.

मिलिंदकडे जायला हवं. तो आजारी पडला तेव्हा मी पार्लर नुकतंच टाकलं होतं. आईला साखरेचा त्रास, तिची किडनी चालणार नव्हती. त्याच्या बायकोचा, वर्षाचा, रक्तगट जुळेना. माझा जुळत होता. कोणी मला 'दे' म्हणालं नाही, हे लक्षात घ्या. आईने फक्त फोनवर विचारलं, "येतेस का गं?" मी गेले. पहिल्या तपासण्या झाल्या. सगळ्या चांगल्या आल्या. एक-एक चांगला रिपोर्ट आला की घरात सगळ्यांचे चेहरे उजळायचे आणि मी पुढचा तरी वाईट यावा म्हणून वाट बघायचे.

मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. दार लावून घेतलं. तुमच्यावर कोणाचं दडपण आहे का, असं विचारलं. दडपण नव्हतं. मी म्हणाले, "मला नाही द्यायची."

कारण? काही नाही. भीती वाटली. कुशीतून कापतात, याची भीती. मिलिंद वाईट होता, आमचं पटत नव्हतं, त्याने माझं काही बुडवलं होतं — असं काही सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. तो वाईट नव्हता. लहानपणी माझ्या वह्यांना तोच कव्हरं घालायचा आणि प्रत्येकीवर वेगळं फूल काढायचा. मला माझं अंग पुरं हवं होतं, एवढंच.

बाई रागावल्या नाहीत. तो तुमचा हक्क आहे, म्हणाल्या. बाहेर घरच्यांना एवढंच सांगू की तुम्ही दाता म्हणून योग्य नाही, जास्त कोणी विचारत नाही. आणि त्यांनी तसंच सांगितलं. आई भिंतीला टेकून खाली बसली. मी रडायला लागले. सुटले म्हणून रडत होते. मिलिंद माझ्या पाठीवरून हात फिरवत होता आणि म्हणत होता, "ताई, तू एवढ्या लांबून आलीस ना? झालं की."

पुढे डायलिसिसवर त्याने काही काळ काढला. मी एकदाच भेटून आले. मुलीने मागे विचारलं होतं मला, तिच्या त्या मराठीत, "आई, मामाकडे तू कितीदा गेली होती?" पार्लरमध्ये मी मिलिंदची गोष्ट सांगून झाल्यावर विचारलं, गिऱ्हाईक गेल्यावर. मी म्हटलं, आठवत नाही. तेव्हापासून मिलिंदच्या महिन्यात ती पार्लरमध्ये पाऊल टाकत नाही.

तर द्यायची नव्हती, दिली नाही — याबद्दल तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा. डॉक्टरीणबाई हक्क म्हणाल्या, तो असेलही. पण हक्क होता तर गप्प बसावं ना? मी गप्प बसले नाही. पेटी ठेवली. पहिल्या वर्षी म्हणायचे, माझी किडनी जुळली नाही. दुसऱ्या वर्षी म्हणायला लागले, मी द्यायला निघाले होते, देवाने देऊ दिली नाही. मग मी ऑपरेशनच्या टेबलावर चढायला तयार होते. मग मी डॉक्टरांचे पाय धरले. बायकांचे डोळे भरून यायचे. इथल्या आमच्या मराठी मंडळींनी गणपतीत मला स्टेजवर बोलावलं, तिथेही पाय धरल्याचं सांगितलं. नवरा पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता.

आता तनुश्री.

न्यू टाउनला एका कंपनीत कामाला, राहायची आमच्या मागच्याच गल्लीत. तिशीतली, एक लहान मुलगी. माझ्याकडे नेमाने यायची, मिलिंदच्या पेटीत नेमाने द्यायची, तिला मागावं लागायचं नाही. एका दुपारी आली. दुपारी पार्लर रिकामंच असतं, मुली जेवायला गेलेल्या. मी एकटी होते. हे मुद्दाम सांगतेय — ऐकायला कोणी नव्हतं. चारचौघींत लाज राखायची होती, अशी सबब मला नाही.

तिच्या मोठ्या भावाच्या किडन्या गेल्या होत्या. तिची जुळत होती. तिची आई रोज रडत होती, भाऊ तिच्याकडे बघायचा आणि मान वळवायचा. नवरा म्हणत होता, तूच ठरव. तनुश्री खुर्चीत बसली नाही, बाकावर बसली, मुलीसाठी घेतलेला खाऊ मांडीवर धरून. तिलाही तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नको असेल तर अजूनही नको म्हणा, घरी कारण कळणार नाही. मी ते ऐकलं आणि माझ्या हातातला कंगवा मी उगाच धुवायला घेतला.

ती म्हणाली, "दिदी, तुमच्या मनात एकदाही आलं नाही का, देऊ नये असं?"

बघा, किती सोपं होतं. आलं, म्हणायचं. आलं आणि मी नाही दिली, आणि मी जिवंत आहे, आणि तूही राहशील. देऊ नकोस असं सांगायचीही गरज नव्हती. फक्त खरं सांगायचं होतं, मग तिचं तिने ठरवलं असतं. अख्ख्या कोलकात्यात तिला ते सांगू शकेल अशी तिच्या ओळखीची मी एकटीच असेन.

मी म्हणाले, "एकदाही नाही."

आणि तेवढ्यावर थांबले नाही. सख्खा भाऊ आहे, म्हणाले. तुला संधी मिळतेय, मला ती मिळाली नाही. आज नाही म्हणालीस तर उद्या आईच्या डोळ्याला डोळा देशील का? हे सगळं मी मऊ आवाजात म्हणाले, तिच्या खांद्यावर हात ठेवून. का म्हणाले? विचार करकरून मला एकच सापडलंय. ती नाही म्हणाली असती आणि तिचं काही वाकडं झालं नसतं, तर मला ते सहन झालं नसतं. ती घाबरली होती, अगदी माझ्यासारखी, पण ती तसं उघड येऊन बोलत होती. मला तिचा राग आला. एवढा राग मला कधी कोणाचा आला नव्हता. तिने घाबरलेलं असू नये, असं मला वाटलं. आणि असलीच घाबरलेली, तर तिने ते भोगावं.

ती उठली. जाताना पेटीपाशी थांबली, फोन काढला आणि स्कॅन करून पैसेही दिले. मी थँक्यू म्हणाले.

तिने किडनी दिली.

भावाला ती लागू पडली, तो बरा झाला. तिची जखम मात्र चिघळली, परत दवाखान्यात ठेवावं लागलं. मुलीला उचलून घ्यायचं नाही असं सांगितलं होतं, ते लांबतच गेलं. हे मला शेजारच्या बायकांकडून कळत होतं. मी भेटायला गेले नाही. गल्ली मागचीच, चालत जाण्यासारखी.

मग एक दिवस ती स्वतः आली. चेहरा उतरलेला, एका बाजूला किंचित वाकून चालत होती. मी हातातलं काम टाकून, 'ये, ये' करत खुर्ची पुढे केली. आत दोघी-तिघी होत्या. मी त्यांना म्हणाले, हीच ती, हिने भावाला किडनी दिली. त्या कौतुकाने बघायला लागल्या. तनुश्रीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्या अगदी जवळ आली आणि हळू आवाजात बोलली.

"मला द्यायची नव्हती, दिदी. त्या दिवशी मी तुमच्याकडे 'नको देऊस' एवढं ऐकायला आले होते. कोणीतरी म्हणायला हवं होतं." मग म्हणाली, "दादा बरा आहे. मला त्याचं तोंड बघवत नाही. तुमचंही नाही."

दुसरी संधी म्हणतात ती हीच ना? मी तिचा हात धरून आत नेऊ शकले असते. मी खोटं बोलले होते, असं म्हणू शकले असते. ते ऐकून तिने मला थोबाडीत मारली असती, पण ती एकटीच घाबरट नव्हती, तिला फसवलं गेलं, एवढं तरी तिला कळलं असतं. मी काय म्हणाले माहीत आहे? "पुण्य लागेल तुला."

ती वळून बाहेर गेली. पुढे त्यांनी घर बदललं, न्यू टाउनकडे कुठे तरी.

आणि आता उरलेलं सांगते, कारण एवढ्यावर संपलं असं वाटेल तुम्हाला. त्या वर्षी मिलिंदचा महिना आला. मी एक भुवई केली, थांबले, मिलिंदची गोष्ट सांगितली. आणि मग तनुश्रीची सांगितली. माझ्याकडे एक मुलगी यायची, म्हणाले, फार घाबरलेली होती, मी तिला धीर दिला, आज तिचा भाऊ हिंडतो-फिरतो. पहिल्यांदा ते आपोआप तोंडातून आलं. दुसऱ्यांदा आपोआप नव्हतं. बायकांना ती गोष्ट मिलिंदच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते. शेवट चांगला आहे ना. नागपूरहून वर्षाचा फोन आला होता, तिला कोणीतरी कळवलं होतं. म्हणाली, ताई, तुमच्यामुळे ह्यांचं नाव राहिलं. मी म्हटलं, असू दे गं.

या वर्षीही सांगितली. पुढच्या वर्षी सांगणार नाही, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझ्या म्हणण्याला काय किंमत आहे ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

तनुश्रीचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. तो बदललेला नाही, तिचा फोटो दिसतो, मुलगी आता मोठी झालीय, आईच्या खांद्याला लागलीय. त्या नंबरवर मी कधीही फोन करू शकते. केलेला नाही. तुम्हाला हे सगळं सांगितलं, कारण तुम्ही तिला ओळखत नाही.