संग्रहणीच्या बाकावर

पोटाचं दुखणं जुनं झालं, की औषधाच्या बाटल्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात!

निजामी अंमलात मी कळमनुरीच्या कचेरीत कारकून होतो, तेव्हा मला संग्रहणी लागली. भाकरी बंद. ताक-भातावर तीन वर्षं काढली. अंगाची नुसती हाडं राहिली होती. डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "औषध लागू पडलं तर वाचाल. पण ते काही खोड्या करील, घाबरायचं नाही."

दवाखान्याच्या ओसरीवर एक बाक होता. त्यावर आम्ही तिघं पोटवाले ठरलेले: मी, बाळापूरचे पाटील आणि महादेवाच्या देवळातले पुजारीबुवा. डॉक्टरसाहेबांच्या कृपेनं तिघंही वाचलो. त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत.

* * *

बिस्मथच्या पुडीनं पाटलांची जीभ काळीकुट्ट झाली. त्याच आठवड्यात ते बैलबाजारात गेले. सौद्याला तोंड उघडलं आणि बैलवाला दोन पावलं मागं सरला.

"पाटील, तुमी काई बोलू नका! काळ्या जिभेचं खरं होतं. म्हनाल त्या भावानं न्या!"

पाटलांनी पुडी आणखी आठवडाभर मागून घेतली.

* * *

मला बेलाडोना दिला. पोटातली कळ थांबली, पण जवळचं दिसेना. अर्ज हातभर लांब धरला, तरी अक्षरं धूसरच. शेवटी शिपायाला अर्ज घेऊन दारात उभं केलं आणि खुर्चीत बसून वाचू लागलो. तेवढ्यात तहसीलदारसाहेब आले.

"क्यों, कारकूनसाहब, काग़ज़ आपसे परदा करता है क्या?"

* * *

पाटलांना पुढं अफूचे थेंब मिळाले. दिवसाला दहादा पळणारा माणूस चार दिवस जागचा हलला नाही. पाचव्या दिवशी बाकावर येऊन बसले.

"डॉक्टरसाहेब, आता पेढे वाटू का रडू?"

* * *

पुजारीबुवांना निळ्या गोळ्या दिल्या होत्या. सकाळी नदीकडं गेले ते तसेच ओरडत दवाखान्यात आले. "इख भिनलं हो! लघवी निळी होऊन राहिली!"

डॉक्टरसाहेबांनी मान वर न करता सांगितलं, "बुवा, महादेवाचं विष गळ्यात थांबलं. तुमचं जरा खाली उतरलं, एवढंच!"

* * *

खरा चमत्कार माझ्या घरात झाला. औषध मी घेत होतो आणि वाळत चालली होती बायको! एकदा ती माझ्यासोबत दवाखान्यात आली, तेव्हा डॉक्टरसाहेब तिच्याकडं बघतच राहिले.

"बाई, बाटली हे पितात आणि झिजता तुम्ही?"

तिनं मान खाली घातली. बाकावर आम्ही पोट धरून हसलो. मीही हसलो, याची आज लाज वाटते.

पुढं एका सोमवारी डॉक्टरसाहेबांनी माझं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आज भाकरी खा." मी जवळजवळ पळतच घरी आलो. बायकोनं ज्वारीची भाकरी थापली, दुधात कुस्करून मला वाढली. पहिला घास पोटात गेला आणि देवाचे, डॉक्टरांचे, सगळ्यांचे आभार मानावेसे वाटले.

शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. त्या तिला म्हणाल्या, "आता तू बी खाय माय. तीन वर्सं भाकरीला शिवली न्हाईस. सुटला तुझा नेम!"

माझा हात ताटातच थांबला. मला कधी कळलंच नव्हतं. माझ्याच ताटातला एक घास तिनं तोंडात घातला आणि तिचे डोळे वाहायला लागले.

"काहून रडून राहिलीस?" मी विचारलं.

"काई न्हाई," ती म्हणाली, "तिखट लागलं."