खुर्चीला चार माणसं

या वर्षी १४ मार्चला आमच्या गटाच्या खात्यावर बावीस हजार पाचशे रुपये जमा झाले. सन्मानाची रक्कम पंचवीस हजार होती, दहा टक्के कर कापून आली. गटाचा हिशेब मी पाहतो. सारी नोकरी जमाखर्चात गेली, निवृत्तीला थोडेच महिने उरलेत, तेव्हा एवढं काम मला झेपतं. खुर्ची उचलण्याचं काम तोवर माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

गट काढला तो आमच्या तळमजल्यावरच्या मुलीने. ती फिजिओथेरपिस्ट आहे. वय एकोणतीस, एका दवाखान्यात नोकरी, घरी ती आणि आई. इमारत पाच मजल्यांची. बांधणाऱ्याने लिफ्टची जागा सोडली, लिफ्ट मात्र बसवली नाही. तिथे आता सायकली असतात. पाचव्या मजल्यावर टेलरकाका राहत. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, तोवर जिना उतरण्याइतकं बळ त्यांच्या पायांत उरलं नव्हतं. मुलीने दवाखान्यातली मोडीत काढलेली खुर्ची मागून आणली आणि वेल्डरकडून तिला मागेपुढे दांडे लावून घेतले. छातीचा आणि गुडघ्यांचा पट्टा काकांनी स्वतः शिवला. म्हणाले, तुटला तर शिव्या कुणाला द्यायच्या हे तरी नक्की असेल.

ही खुर्ची जिन्यावरून न्यायला चार माणसं लागतात. एक मागे, वरच्या पायरीवर. एक पुढे, उलटा उतरणारा. तिसरा त्या उलट्या माणसाच्या कमरेला हात लावून पायऱ्या सांगणारा. चौथा मोकळा, वळणावर ज्याचे हात भरून आले असतील त्याची जागा घेणारा. मुलीच्या जोडीला तिघं होते: एक फार्मासिस्ट, एक नकाशे काढणारा आणि बँकेतली एक मुलगी, जिच्या आवाजाने सगळे मजले जागे होत. चौघंही तिशीच्या आतले. सकाळी कामावर जाण्याआधी काकांना खाली आणायचे, दुपारच्या सुट्टीत वर पोचवायचे. दोन वर्षांत एकदाही खाडा झाला नाही. मुलीला सगळे खुर्चीवालीच म्हणू लागले.

मग व्यावसायिकांच्या संघटनेने नेतृत्व आणि सेवेबद्दल तरुणांना द्यायचा सन्मान तिला दिला. समारंभात खुर्ची आणा, शक्य असेल तर पेशंटही आणा, असा निरोप होता. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले आणि चौघांनी त्यांना स्टेजवर चढवलं. निवेदक नेतृत्वावर बराच वेळ बोलला. काकांनी मान वळवून मुलीला विचारलं, "पोरी, यातलं नेतृत्व कोणतं? पुढचा दांडा का मागचा?" माइक जवळ होता. सभागृह हसलं. फोटोत चौघंही हसताना आहेत.

पुढचं सगळं त्या फोटोने केलं असं म्हणायला हरकत नाही. फार्मासिस्टला दुसऱ्या शहरातल्या कंपनीने बोलावलं. मुलाखतीत निम्मा वेळ खुर्चीबद्दलच विचारत होते. नकाशेवाल्याला परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली, त्यात समाजसेवेला गुण होते. बँकेतल्या मुलीला बढती मिळाली आणि बढतीबरोबर बदली. कुणाचं काही चुकलं नाही. तिघांनीही जाताना तिलाच विचारलं होतं आणि तिने तिघांनाही जा म्हटलं. शिफारसपत्रंही तिनेच लिहिली.

जूनमध्ये ती एकटी उरली. सन्मानाची बातमी वाचून नवी मुलं आली, त्यांनी एकसारखे टी-शर्ट शिवायचं ठरवलं, आणि शर्ट येण्याआधीच एकेकाने काढता पाय घेतला. आम्ही जमा रकमेतून बाजारातले हमाल लावले. हमाल ताकदीचे होते, पण त्यांना पोत्यांची सवय. काकांचा गुडघा कठड्यावर आपटला तेव्हापासून खुर्चीत बसवताना ते थरथर कापायला लागले. शेजारच्या इमारतींतून आमच्याकडे आलेले दुसरे पेशंट होते, त्यांना निदान उचलायला मुलंबाळं होती. काकांना फक्त काकू होत्या, आणि काकूंचं वजन खुर्चीपेक्षा कमी.

शेवटी एक हमाल, खालच्या दुकानातला नोकर, मुलगी आणि मी असे चौघं झालो. पायऱ्या सांगण्याचं काम माझ्याकडे. जुलैत एका सकाळी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मागचा दांडा एकदम खाली आला. मुलीचा डावा पाय बधिर झाला होता. तिने दांडा सोडला नाही, तशीच पायरीवर बसली आणि खुर्ची तिच्या मांडीवर टेकली. पट्ट्याने काकांना धरून ठेवलं. नंतर कळलं, तिच्या मणक्यातली गादी सरकली होती आणि तिला ते दोन महिने ठाऊक होतं. दिवसभर ती लोकांच्या पाठी बऱ्या करत असे.

त्या दिवशी काकांनी सांगून टाकलं की आता ते जाणार नाहीत. पुढच्या दोन वेळा गेलेही नाहीत. चेहरा सुजला, पाय सुजले, आडवं झालं की श्वास लागायचा. मुलगी कमरेला पट्टा बांधून, कठड्याला धरून पाच मजले चढून गेली. मी बरोबर होतो.

"किती दिवस लागतात गं?" काकांनी विचारलं.

"कशाला?"

"न गेलो तर. तुला माहीत असणार."

तिने खरं ते सांगितलं. आठवडा, फार तर दोन. काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्यांनी नळ सोडला.

"मग आठवडाच बरा," काका म्हणाले. "माझ्यापायी तू लंगडी झालीस तर वर जाऊन काय सांगू?"

खाली येताना ती प्रत्येक वळणावर थांबत होती. काकांचं घर तळमजल्यावरच्या कुणाशी बदललं तर जिन्याचा प्रश्नच उरत नव्हता. तिथे तीन घरं आहेत. एकात दुकान, दुकानदाराने जागा बदलून द्यायला साफ नकार दिला. दुसऱ्यातल्या कुटुंबाने आधी सहानुभूती दाखवली, मग शाळेचं कारण सांगितलं, आणि तिसऱ्या खेपेला दार उघडलं नाही. तिने हात जोडले होते. तिला कुणापुढे हात जोडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिसरं घर तिचंच. तिच्या आईचे गुडघे गेलेले आहेत. काठी टेकत फाटकापर्यंत जायचं, तिथे दगडी कट्ट्यावर संध्याकाळी तासभर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याची खबर घ्यायची, एवढंच त्यांचं बाहेर. पाचव्या मजल्यावर गेल्या की ते संपणार, हे सांगायची गरज नव्हती. मुलगी आईपुढे बसली. ती रडायला लागली.

आई म्हणाल्या, "मालक तोच, भाडं तेवढंच. उगाच वेळ कशाला घालवतेस? त्यांना तिकडे श्वास पुरत नाहीये."

दुसऱ्या दिवशी घरं बदलली. सामानाला आलेल्या हमालांनीच काकांना उतरवलं. मुलगी खालून एकेक पायरी सांगत होती. काका तिथूनच डायलिसिसला गेले. आता काकू त्यांना दारातून चाकाच्या खुर्चीत नेतात. मुलीच्या सन्मानाची फ्रेम खालीच, आता काकांच्या झालेल्या भिंतीवर राहिली आहे, कारण खिळा काढताना गिलावा पडला असता.

घरं बदलली त्याच दिवशी दांड्यांच्या खुर्चीतून आईंना वर नेलं. पट्टा बांधताना त्या मला म्हणाल्या, "भाऊ, वर नेताय ते ठीक. खाली कधी आणणार ते आत्ताच सांगा."

मी म्हणालो, चार माणसं जमली की पहिल्याच रविवारी, तासभर कट्ट्यावर.

मुलीला वजन उचलायची कायमची मनाई झाली आहे. दुसऱ्या इमारतींतून अजून फोन येतात. ती सगळं ऐकून घेते आणि नाही म्हणते. खुर्ची लिफ्टच्या जागेत सायकलींमागे आहे.

आता ऑक्टोबर. आईंना खाली आणायची एक फेरी आमच्याकडे बाकी आहे.