जेलातली पेटी

माझा नवरा जेलात जाऊन गायक झाला. घरी असताना ह्या माणसाच्या तोंडून शिवीशिवाय दुसरा सूर मी ऐकला नव्हता. बांधावरून भांडण झालं, ह्याने फावडं घातलं, चुलतभाऊ जागीच गेला. जन्मठेप झाली. मागे मी, लेक आणि दीड एकर झेंडू. तेव्हा मी ह्याला अहो-जाहो करायचे. आता तोंडातून निघत नाही.

सुरुवातीला भेटीला गेले की जाळीपलीकडे नुसता रडायचा. मग तिथल्या भजनी मंडळात बसायला लागला, एका म्हाताऱ्या कैद्याकडून पेटी शिकला, आणि रडणं थांबलं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. चला, माणूस वेडा तरी होणार नाही! पण पुढे पुढे मी घरचं काही सांगायला लागले की ह्याचं आपलं सुरू, साहेब काय म्हणाले, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

लेकीचं ओझरला जमलं. मुलगा कारखान्यात, माणसं चांगली. पोरीचा बाप कुठे आहे ते माहीत असूनही ती हो म्हणाली. लेकीचं एकच मागणं होतं, कन्यादान बापाने करावं. मी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे पॅरोल मंजूर झाला. सांगायला लेकीला घेऊनच गेले.

हा जाळीमागे मान खाली घालून म्हणाला, "त्याच आठवड्यात सगळ्या जेलांची भजनस्पर्धा आहे गं. मी नसलो तर पेटीवर कोण बसणार?"

"आणि पोरीच्या लग्नात पाटावर कोण बसणार?" मी ओरडलेच. शिपाई बघायला लागले.

"भाऊ आहे ना. इथं मला किंमत आहे. तिकडे मांडवात सगळे खुनीच म्हणणार."

लेक वळून फाटकाकडे चालू लागली. कन्यादान दीर-जावेने केलं, मी मागे उभी. ह्याचा पहिला नंबर आला, पेपरात फोटो आला. मार्केटात बायका म्हणाल्या, "नशीबवान हो तुम्ही, काय मायाळू चेहरा!" फुलांची पाटी त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली.

सुटून आल्यावर ह्याने लेकीकडे जायचा हट्ट धरला. नातवाला भजन ऐकवायचं म्हणे. नेलं. लेकीने दार उघडलं, बापाकडे नीट पाहिलं आणि आत सासूला हाक मारली, "आई, माझ्या आईबरोबर कुणी पाहुणे आलेत. चहा टाकते."